सुई की सुरी

त्या दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटेल असं रहिमतबीला वाटलं नव्हतं. पुण्यातला मोठा दवाखाना, तिसऱ्या मजल्यावर कॅन्सरचे डॉक्टर बसायचे, आणि तिथल्या बाकड्यांवरची माणसं सहसा एकमेकांच्या तोंडाकडं बघत नसत. २००७ सालचा ऑगस्ट चालू होता. तिचा मुलगा शहाबाज नंबर लावायला खिडकीपाशी गेला होता. तेवढ्यात समोरच्या बाकड्यावरचा पांढऱ्या मिशांचा माणूस पुढं वाकला.

"पौडच्या सुकटवाल्या ना तुमी?"

रहिमतबीनं नीट पाहिलं. चेहरा निम्मा झाला होता, पण आवाज तोच होता. माणगाव गाडीचा डायवर, विठ्ठलराव. त्यानं अकरा वर्षं ताम्हिणी घाटातून एसटी चालवली होती आणि त्यातली नऊ वर्षं रहिमतबी महिन्यातून दोनदा त्याच गाडीनं कोकणात उतरून सुकट, बोंबील, जवळा अशी सुकी मासळी घेऊन यायची. दर खेपेला दोघांचं भांडण ठरलेलं. तिला पाट्या गाडीच्या आत हव्या असायच्या, त्याला टपावर. घाटात माल भिजला तर मी काय विकू, असं ती म्हणायची. वासानं गाडीतल्या बायका ओकल्या तर गाडी तुमी धुनार का, असं तो विचारायचा. शेवटी पाट्या मागच्या शिटाखाली जायच्या आणि तो मुळशी येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड काढून गाडी हाकायचा.

"डायवर! तुमी हितं कसं?"

"तुमी जशा, तसाच." विठ्ठलरावानं सदऱ्यावरून पोटावर बोट फिरवलं, एका बरगडीपासून दुसऱ्या बरगडीपर्यंत. "पित्ताच्या नळीचा. मागच्या साली काढला. आता परत उगवलाय."

रहिमतबीनं पदराखाली हात घालून आपलं पोट चाचपलं. तिच्या पोटावर तशीच रेघ होती, दोन वर्षांची जुनी.

तिला पहिल्या वेळी कुणी आजाराचं नाव सांगितलं नव्हतं. "अम्मी, गाठ हाय, काढून टाकतील," एवढंच शहाबाज म्हणाला होता. तिला वाचता येत नव्हतं, पण वॉर्डातल्या बायकांची डोकी बोडकी झालेली दिसत होती, आणि भेटायला येणारी माणसं तिच्याशी नको तितकं गोड बोलत होती. तिला कळायचं ते कळलं. निम्मं काळीज, डॉक्टर ज्याला यकृत म्हणतात ते, कापून काढलं होतं. पुढचे तीन महिने सून समीना तिला उचलून संडासला न्यायची. रहिमतबी पोरवयापासून दहा-दहा किलोची पाटी डोक्यावर वाहणारी बाई. सुनेच्या खांद्यावर भार टाकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या तीन महिन्यांचं ती कुणापाशी कधी बोलली नाही.

सर्जन डॉक्टर दांडेकर वयस्क होते आणि फारसं हसत नसत. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत एक तरुण डॉक्टरीण बसली होती, जुईली मॅडम. दांडेकरांनी सीटीची काळी फिल्म उजेडावर लावली आणि पेन टेकवलं.

"उरलेल्या यकृतात एक गाठ आलीय. अडीच सेंटिमीटर. एकच आहे, हे त्यातल्या त्यात बरं. दोन रस्ते आहेत. परत पोट उघडून तेवढा भाग कापून काढायचा, किंवा पोट न उघडता बाहेरून एक सुई गाठीत घालायची आणि सुईच्या टोकाच्या उष्णतेनं गाठ आतल्या आत जाळून टाकायची."

"कापूनच काढा, साहेब," शहाबाज लगेच म्हणाला. तो पिरंगुटच्या कंपनीत फिटर होता. बिघडलेला पार्ट काढून फेकायचा, हे त्याला रोजचं. "मुळासकट काढा. अर्धवट काम नको."

"थांब की," रहिमतबी म्हणाली. तिनं डॉक्टरांकडं पाहिलं. "साहेब, दोन्हीत जास्त कोन जगतं?"

दांडेकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगू का, ठाऊक नाही. हा आजारच थोड्यांना होतो. तो परत आल्यावर ज्यांना यातलं काही करता येतं, अशी माणसं त्याहून थोडी. आजवर जे बघण्यात आलंय त्यात आयुष्याचा फार फरक दिसत नाही. ऑपरेशनवाले जरा जास्त जगल्यासारखे वाटतात, पण ऑपरेशन आम्ही धडधाकट माणसाचंच करतो. ती माणसं ऑपरेशनमुळं जगली की मुळात धडधाकट होती म्हणून, ते कसं सांगणार?"

"आन तरास?"

"तो ऑपरेशनात नक्की जास्त. एकदा उघडलेलं पोट आतून चिकटलेलं असतं. दहातल्या चौघांचं नंतर काही ना काही बिघडतं. एखादा घरी परत जात नाही. सुईवाला तिसऱ्या दिवशी घरी जातो. पण जाळताना कडेला जरा राहून गेलं, तर तिथूनच ते पुन्हा वाढतं. कापताना आजूबाजूचं चांगलं मांसही घेतो, म्हणून ती भीती कमी."

जुईली मॅडमनं खुर्ची पुढं ओढली. सुईचं काम ती करायची. "मावशी, गाठीला लागून मोठी रक्ताची शीर असेल तर सुई नीट चालत नाही. वाहत्या ओढ्यात चूल मांडली तर भाकरी भाजेल का? तसंच. रक्त उष्णता ओढून नेतं. तुमची गाठ शिरेपासून लांब आहे, म्हणून मी सुई सुचवते. पण ती परत येणार नाही असं मी म्हणणार नाही."

रहिमतबी खाली मान घालून बसली. शहाबाज तिच्या कानाशी लागला, "अम्मी, एकदा सोस. कायमचं जाईल." तिच्या डोळ्यांपुढं समीनाचा खांदा आला, संडासाचं दार आलं. पावसाळ्याचे दिवस होते. मासेमारी बंद, ताजं मासं कुठं मिळत नाही, आणि मुळशीतल्या घराघरांत याच दिवसांत सुकटीची चटणी होते. वर्षाचा खरा धंदा हाच.

"सुई," ती म्हणाली.

शहाबाज उठून बाहेर गेला.

ती बाहेर आली तेव्हा विठ्ठलरावाची बायको शारदा आली होती. मुळशीतल्या माले गावची. काटक, बोलायला फटकळ. त्या दोघांना आत जाऊन यायला अर्धा तास लागला. परत आले तेव्हा विठ्ठलरावाचा चेहरा उतरला होता.

"काय ठरलं, डायवर?"

"मी सुई म्हनत हुतो," तो म्हणाला. "मागल्या टायमाचं अजून इसरलो न्हाई मी. पर हिचं म्हननं..."

"माझं म्हननं सरळ हाय," शारदा म्हणाली. "भाकरीला बुरशी लागली तर आपन तेवढा कोपरा मोडून टाकतो. त्यो परत भाजून खातो का कुनी? गाठ यांची साडेतीन सेंटिमीटर. डॉक्टर म्हनलं, दोनीबी करता येतंय, तुमी ठरवा. मी ठरवलं. कापा म्हनलं."

विठ्ठलराव रहिमतबीकडं बघून कसनुसा हसला. "गाडी मी चालवली. बेल मारायचं काम हिचं."

त्याच आठवड्यात दोघांचंही झालं. रहिमतबीला गुंगीचं औषध दिलं, एका अंगावर झोपवलं, आणि जागी झाली तेव्हा बरगडीखाली फक्त चिकटपट्टी होती. आत तापलेला दगड ठेवल्यासारखं एक दिवस दुखलं. एकदा ताप आला आणि उतरला. तिसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी जिना उतरली. पंधराव्या दिवशी पौडच्या आठवडे बाजारात तिनं गोणपाट पसरलं, वर प्लास्टिकचा कागद बांधला, आणि बोंबलाच्या जुड्या लावल्या. ओळखीच्या बायका वाकून वाकून विचारत होत्या, तेव्हा ती सदरा नसलेल्या माणसासारखी लाजत होती. बरं झाल्याची लाज वाटायचं कारण वेगळं होतं.

विठ्ठलराव अजून दवाखान्यातच होता.

त्याचं ऑपरेशन सात तास चाललं होतं. आतडी जुन्या व्रणाला चिकटलेली, ती सोडवण्यातच निम्मा वेळ गेला. गाठ निघाली, पण पाचव्या दिवशी पित्त आतून झिरपायला लागलं. पोटात नळी घातली, नळीला पिशवी लावली. पिशवीत हिरवं-पिवळं पाणी जमायचं. मग ताप चढला, मग फुप्फुसात पाणी झालं, मग आठ दिवस आयसीयू. रहिमतबी पहिल्यांदा भेटायला गेली तेव्हा शारदा दाराबाहेर जमिनीवर बसली होती. तिनं रहिमतबीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"चालत आल्या," ती म्हणाली. कुणाला सांगत होती ते कळलं नाही. "बगा. चालत आल्या."

रहिमतबीच्या हातात भाताच्या मऊ पेजेचा डबा होता, तो तिनं शारदाशेजारी ठेवला. शारदानं डब्याला हात लावला नाही.

आत विठ्ठलराव छताकडं बघत पडला होता. ओठ सालपटलेले. तिला बघून त्यानं बोटानं जवळ बोलावलं.

"बाजार केला का?"

"केला."

"काय खपलं?"

"जवळा. सगळा ग्येला."

त्यानं डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं ओघळलं. "मला वासबी यीना आता," तो म्हणाला. "तुमच्या पाट्यांचा वास आठवून बगतो. त्योबी यीना."

तो बावन्न दिवस दवाखान्यात होता. मधे रमजान महिना आला. डॉक्टरांनी मना केल्यामुळं रहिमतबीला रोजे धरता आले नाहीत, पण नमाजानंतर दुवा मागताना ती त्याचं नाव घ्यायची. समीनानं एकदा ऐकलं आणि विचारलं, "अम्मी, त्यांच्यासाठी कशाला?" रहिमतबी म्हणाली, "त्याच्या जागी मी असते."

दिवाळीआधी विठ्ठलराव घरी आला. काठी टेकत ओटीवर यायचा, तेवढंच. पण जानेवारीत दोघांचीही तपासणी झाली तेव्हा निकाल उलटा आला. विठ्ठलरावाचं पोट साफ होतं. गाठीचा मागमूस नव्हता. रहिमतबीच्या जळालेल्या जागेच्या कडेला नवा ठिपका धरला होता, आणि त्याहून वर, पित्ताच्या मोठ्या नळीजवळ, दुसरा.

घरात आल्यावर शहाबाजनं डोक्याची टोपी काढून जमिनीवर आपटली. "मी म्हनलो हुतो! म्हनलो हुतो का न्हाई? तुला बाजार पाहिजे हुता. आता बस बाजारात!"

समीनानं आपल्या पोरीला आत नेलं. रहिमतबी खाटेवर बसून राहिली. तिला त्याचा राग आला नाही. लहानपणी ताप आला की तो असाच ओरडायचा, दुखतंय म्हणायच्या ऐवजी.

पण शारदाचं बोलणं तिला लागलं. पौडच्या बाजारात चार बायकांपुढं शारदा म्हणाली, "आमचं सोसून झालं, आता साफ हाय. सोपं बगायला गेलं की असं हुतं." रहिमतबी तिथून दहा हातांवर जुड्या बांधत होती. तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी तिनं माल निम्मा तसाच परत आणला.

दांडेकर आता ऑपरेशन नको म्हणाले. दोन जागा होत्या, आणि उरलेल्या काळजातलं आणखी कापलं तर उरतं ते जगायला पुरणार नव्हतं. फेब्रुवारीत जुईली मॅडमनं दुसऱ्यांदा सुई घातली. नळीजवळची गाठ जाळताना नळीच भाजेल, ही भीती तिनं आधी सांगितली होती आणि झालंही तसंच. आठव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, दात वाजायला लागले. आत पू झाला होता. मग डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी. दुर्बीण घालून नळीत प्लास्टिकची बारीक नळी बसवली. ती तीन महिन्यांनी तुंबली, बदलली, परत तुंबली. सुकटीचा वास आला तरी रहिमतबीला उमासे यायचे. गोणपाट आणि पाट्या समीनानं घेतल्या. समीना बाजारात बसायला लागली आणि रहिमतबी घरात, आणि समीना आली की आधी न्हाणीत जाऊन अंग धुवायची, मगच सासूपाशी यायची.

त्या उन्हाळ्यात विठ्ठलराव वारंवार यायला लागला. मालेहून जीप पकडायची, पौडला उतरायचं, तिच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं. शारदाला तो सांगत नसे, पण तिला ठाऊक असणार. दोघं दुखण्याचंच बोलत. तिच्या घरात दुसरं कुणी त्याबद्दल बोलू देत नव्हतं.

"इसाब करू," तो एकदा म्हणाला. "मी बावन्न दिस तिथं. मग घरी आंथरुनावर चार म्हैने. आता कुटं मानसात आलोय. तुमी?"

"मी पाच म्हैने बाजार केला. चांगला केला. मग हे."

"मंजी बराबरच झालं."

"बराबर कसं? तुमी साफ हायसा."

विठ्ठलरावानं खुर्ची जवळ ओढली. "रहिमतबी, खरं सांगू? त्या बावन्न दिसांत मी एकदाबी जगावं म्हनून म्हनलो न्हाई. नळी वडून टाकावी वाटायचं. आता साफ हाय म्हनत्यात, आनंद हाय. पर माझ्यातला त्यो मानूस तिथंच ऱ्हायला, त्या खाटंवर. शारदीला हे सांगता येत न्हाई. तिनं जागून काढलंय."

"मला पाच म्हैने मिळाले त्याचं मलाबी सांगता येत न्हाई कुनाला," रहिमतबी म्हणाली. "शहाबाजला वाटतं त्या पाच म्हैन्यांनी मला खाल्लं."

पावसाळ्याच्या मध्यात त्याचं येणं थांबलं. पाऊस म्हणून असेल, असं तिला वाटलं. ताम्हिणीकडं दरड कोसळून रस्ता बंद होता. पण रस्ता सुरू झाला तरी तो आला नाही. शेवटी शहाबाजनं मालेच्या एका पोराकडून बातमी आणली. पाठ दुखते म्हणून विठ्ठलराव महिनाभर तेल चोळून घेत होता. फोटो काढला तर कण्यात उतरलं होतं. पोटात काही नव्हतं. पोट अजून साफच होतं.

ती शहाबाजच्या मोटारसायकलवर मागं बसून गेली. शारदानं दार उघडलं आणि बाजूला झाली. विठ्ठलराव पालथा पडला होता, उताणं झोपता येत नव्हतं. रहिमतबी जमिनीवर बसली आणि त्याच्या पायावर हात ठेवून तासभर तशीच राहिली. निघताना त्यानं एवढंच विचारलं, "गाडी हाय का अजून, माणगावची?" ती म्हणाली, हाय.

दिवाळी झाल्यावर दोन आठवड्यांनी तो गेला.

तेरावा होऊन महिना गेला आणि एका दुपारी शारदा रहिमतबीच्या दारात उभी राहिली. कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. समीना पाणी आणायला उठली तर शारदानं तिला हातानं थांबवलं आणि खाटेच्या पायथ्याशी बसली.

"मला एक इचारायचंय," ती म्हणाली. "तुमी खरं सांगाल म्हनून आलीया. घरातली मानसं माझं मन राखून बोलत्यात."

"इचारा."

"ते सुई म्हनत हुते. मी कापा म्हनलं." तिचा आवाज कोरडा होता. "मी ऐकलं असतं तर ते जगले असते का?"

रहिमतबीच्या अंगात ताप होता. सकाळपासून थंडी वाजत होती, नळी परत तुंबत असणार. बाजारातलं शारदाचं बोलणं तिला आठवलं, शब्दन्‌शब्द आठवला. एवढ्या दिवसांत तिनं मनातल्या मनात त्याला किती उत्तरं दिली होती. त्यातलं एकही आता तोंडाशी आलं नाही. समोर बसलेली बाई दोन महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारी झाली होती.

"न्हाई," रहिमतबी म्हणाली.

"कशावरनं?"

"त्यांची गाठ मोठ्या शिरेला चिकटून हुती. तिथं सुई चालत न्हाई. रगत वाहतं, आग विझवतं. जुईली मॅडमनं सांगितलं तवा मी तिथंच हुते."

ती तिथं नव्हती. ते बोलणं तिच्या स्वतःच्या गाठीवरून झालं होतं, आणि विठ्ठलरावाला आत काय सांगितलं ते तिला कधी कळलं नव्हतं. पण तिच्या तोंडून ते इतकं सहज निघालं की तिला स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं.

शारदा तिच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. "मग मला का न्हाई सांगितलं असं? दोनीबी करता येतंय म्हनले."

"दाक्तर लोक तसंच म्हनत्यात."

"तुमी आता जाल दवाखान्यात, तवा एकदा इचारा," शारदा उठत म्हणाली. "मी गेले तर मला रडू यील. तुमी इचारा."

त्यानंतर शारदा दर चार-पाच दिवसांनी यायला लागली. फार बोलायची नाही. समीना बाजाराला गेलेली असली की रहिमतबीला उठवायची, तोंड धुवायची, चादर बदलायची. बावन्न दिवसांत हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. आजारी माणसाला दुखू न देता कूस कशी बदलायची ते समीनापेक्षा तिला चांगलं जमायचं. पहिल्या दिवशी रहिमतबीला संकोच वाटला. नंतर संकोच करायलाही ताकद लागते, ती उरली नाही.

जानेवारीत शहाबाज तिला जीपमधून पुण्याला घेऊन गेला. जुईली मॅडमनं फिल्म पाहिल्या, पोट दाबून पाहिलं, आणि शहाबाजला बाहेर थांबायला सांगायच्या आधीच रहिमतबी म्हणाली, "त्याच्यापुढंच बोला."

"मावशी, आता सुई नको. ऑपरेशनही नको. दोन्हीनं फायदा होणार नाही, त्रासच होईल. नळी बदलू, ताप कमी राहील. दुखायला लागलं की औषध देऊ, भरपूर देऊ."

शहाबाज भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. वर्षभर तो तिच्याशी मोजकंच बोलला होता. आता तो वळला आणि लहान पोरासारखं तिचं मनगट धरून म्हणाला, "अम्मी, मी उगाच बोललो तवा." रहिमतबीनं त्याच्या हातावर दुसरा हात ठेवला. "कापलं असतं तरी कुनी सांगावं," ती म्हणाली. एवढंच ती म्हणाली. त्यानंतर ती सात आठवडे जगली आणि त्या सात आठवड्यांत तो तिच्या उशाशी बसून खूप बोलला, कंपनीचं, पोरीच्या शाळेचं, काहीही.

पण त्या दिवशी तो नळीचे कागद करायला गेला तेव्हा ती मॅडमकडं वळली.

"आमचे डायवर हुते बगा, विठ्ठलराव. मालेचे. त्यांची गाठ शिरेला चिकटून हुती ना? सुई चालली नसती ना?"

जुईली मॅडम थबकली. दुसऱ्या पेशंटचं सांगावं की नाही, असं तिला झालं असावं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "जवळ होती. अगदी चिकटून नव्हती. सुई घालता आली असती, मावशी. आमच्यातच दोन मतं होती. दांडेकर सरांचं मत ऑपरेशन, माझं सुई. घरच्यांनी ऑपरेशन म्हटलं."

"सुईनं जगले असते?"

"तेही सांगता येत नाही. बावन्न दिवस वाचले असते, एवढं कदाचित. पण हाडात गेलं ते आधीपासून रक्तात फिरत असेल, तर काहीही केलं असतं तरी गेलंच असतं. मला खरंच माहीत नाही."

रहिमतबीनं मान हलवली. बावन्न दिवस. छताकडं बघणारा तो चेहरा तिच्यापुढं आला आणि परतीच्या सगळ्या वाटेवर तो गेला नाही. चांदणी चौक गेला, भूगाव गेलं, पिरंगुटचा घाट चढून जीप उतरली, तरी ती तेच मनात घोळवत होती. शहाबाज सारखा विचारत होता, "दुखतंय का, अम्मी?"

घरी आली तेव्हा शारदा चुलीपुढं बसली होती. समीना बाजारातून यायची होती. शारदानं तांदळाची पेज करून ठेवली होती, वर मीठ टाकून. शहाबाजनं आईला खाटेवर निजवलं आणि तो औषधं आणायला गेला. शारदा वाटी घेऊन जवळ बसली. चमच्यानं दोन घोट पाजले. तिसऱ्या चमच्याला तिचा हात थांबला.

"इचारलंत?"

"इचारलं."

"काय म्हनल्या?"

रहिमतबीनं ओठ पुसले. "चिकटूनच हुती म्हनल्या. सुई घातलीच नसती. तुमी कापा म्हनलं ते बराबर केलं म्हनल्या."

शारदानं उरलेली पेज सावकाश पाजली, वाटी विसळून पालथी घातली आणि परत येऊन खाटेशेजारी भिंतीला टेकून बसली. मग एकदम तिला काय आठवलं कोण जाणे, ती विठ्ठलरावाच्या खोड्या सांगायला लागली. तो घाटात माकडांना फुटाणे टाकायचा म्हणून डेपोत त्याच्यावर कशी तक्रार झाली होती, लग्नात त्यानं चपला कुठं लपवल्या होत्या. सांगता सांगता तिची वाक्यं लांबायला लागली, मधे मधे तुटायला लागली, आणि बसल्या जागी मान छातीवर टाकून ती झोपली.

बाहेर ऊन होतं. रस्त्यावरून रेतीचे ट्रक जात होते. रहिमतबीच्या सगळ्या अंगाला काविळीची खाज सुटली होती, पाठ तर पेटली होती. कूस बदलली असती तर जरा बरं वाटलं असतं. पण खाट जुनी होती, हललं की करकरायची. ती तशीच पडून राहिली.